गोधडीची तार

बिलोली, ५ मे २०२५

चि. लुंबिनी हिस आजीचे अ. आ. अन् जय भीम.

आज सकाळी शिवशंकर वायरमन आला, चहाच्या वासानं आल्यावानी. दारातूनच हसला. म्हणला, पोरीनं मीटरपाशी बसवलेली डबी पोरीवानीच रुसते. मला लई राग आला, तरी चहा दिला. पण बाई, रुसते ती खरंच. पौर्णिमा आली म्हणून गोधड्या धुवून राहिले. ओली गोधडी वाळत घातली की तुझ्या डबीचा खटका टप्पकन पडतो, घरातली लाईट जाते. गोधडीचा अन् लाईटीचा काय संबंध? गुरुवारी तो डबी काढून डायरेक्ट जोडून देणार हाय. तुला वाईट वाटंल म्हणून आधी कळवते. फोनवर तू नुसती हं हं करतीस. तुझा काका आनंदराज लातूरला चाललाय, त्याच्या हाती हे पत्र अन् लोणचं देते. बरणी परत पाठव.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी आजी पंचशीला

लातूर, ७ मे २०२५

ती. आजीस सविनय जय भीम. वि. वि.

लोणचं पोचलं, पण पत्र वाचून बरणी तशीच बाजूला ठेवली. तुझा फोन सकाळपासून बंद आहे. दवाखान्याच्या वायरिंगचं काम सोडून मला निघता येत नाही, म्हणून माझ्यासोबत काम करणाऱ्या दिपाली आणि साक्षीला उद्या पहिल्या एसटीनं पाठवते. हे पत्र त्यांच्याच हाती. शिवशंकरमामांना डबीला हात लावू देऊ नको. कुठंतरी करंट गळाला की ती खटका पाडून लाईट तोडते, म्हणून तर तू पत्र लिहायला उरलीस. आणि गोधड्या कशावर वाळतात ते तू लिहिलंच नाहीस. मी नायलॉनची दोरी बांधून दिली होती ना?

रागावलेय, पण जीव तुझ्यातच आहे.
तुझी लुंबिनी

बिलोली, ९ मे २०२५

चि. लुंबिनी हिस अ. आ. अन् जय भीम.

आता खरं सांगते. गोधडीच्या वजनानं तुझी दोरी पार जमिनीला टेकली, म्हणून मी जुनी लोखंडी तार काढून न्हाणीच्या पत्र्याच्या खिळ्याला बांधली. तुला कळू दिलं न्हाई.

काल पोरी पोचल्या तवा शिवशंकर पक्कड घेऊन स्टुलावर चढला होता, मेन बंद न करताच. दिपालीनं मामा मामा करतच त्याला खाली उतरवलं. पत्र्याला टेस्टर लावला तर पेटला! न्हाणीच्या दिव्याची वायर पत्र्याला घासून सोलली होती. पत्र्यातून तार, तारेतून ओली गोधडी, अन् गोधडी झटकणारी मी. शिवशंकरचं तोंड उतरलं. किती तरी वेळ पक्कडच पुसत बसला.

साक्षीनं वायर बदलली, तार भंगारात टाकली, दोरीला मधी बांबूचा टेकू दिला. शेजारची गुरम्मा पदर तोंडाला लावून बघत होती. साक्षी शिडीवरून उतरली तशी तिच्या तोंडावरून हात फिरवून, कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली. मी दोघींना ठेचा-भाकर वाढली, पण त्यानं काय फिटतंय? नातीनं दिलेला जीव हाय हा, जपून वापरते.

पौर्णिमेला खीर खायला ये. रागावायचं ते खीर खाऊन रागाव.
तुझी आजी पंचशीला

ता. क. पोरी बुधवारी, चौदा तारखेला, पुन्हा येतो म्हणून गेल्यात. शिवशंकरच्या घरी डबी बसवायची हाय. त्यानंच बोलावलंय.