मोकळ्या हाताने

आयोडीन सापडले नाही म्हणून मी हळद दाबली. आवडाबाईच्या नडगीतून रक्त थांबत नव्हते. ती म्हणाली, "हळू बोला. शेजारी उठतील." मी बोलतच नव्हतो. हे मंगळवारी पहाटे गच्चीवर घडले. आज गुरुवार आहे. या लिखाणाची खरी सुरुवात त्या गच्चीवर असल्याने आधी ते लिहिले. रीतीचे शब्द आता लिहितो.

मी रामकिसन पुंजाराम रिठे, वय सहासष्ट, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार करमाड, तालुका व जिल्हा छत्रपती संभाजीनगर. माझ्या हृदयात एक स्टेंट बसवलेला आहे. डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी स्वतः लिहीत आहे. कुणी सांगितलेले नाही, कुणी धाकही घातलेला नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम एक. करमाड येथील राहते घर माझ्या पत्नीच्या, आवडाबाईच्या, मालकीचे राहील. तिच्यानंतर ते मुलगा सोमनाथ याचे. वरचा मजला बांधायचा म्हणून गच्चीवर खांबांच्या सळया उघड्या सोडल्या होत्या. मजला झाला नाही. सळया गंजल्या, पण कापल्या नाहीत, कारण कापल्या तर मजला होणार नाही हे गावाला कळले असते. त्या कापून टाकाव्यात. हे काम माझ्या मरणापर्यंत थांबवू नये.

कलम दोन. शेतजमीन सोमनाथ यास. तो वाळूजला कंपनीत आहे आणि शेती करणार नाही, हे मला माहीत आहे. विकू नये असे मी लिहिणार नाही. माझा चुलतभाऊ कडुबा याच्याशी बांधावरून वाद होता. बांध मी कोरला की त्याने, हे आता दोघांनाही सांगता येणार नाही. माझा दावा मी सोडला आहे. बांध मात्र माणूस चालेल इतका रुंद ठेवावा.

कलम तीन. बँकेतील सर्व रक्कम आवडाबाईस. सोमनाथ आणि सूनबाई मोनिका यांची याला हरकत नाही. विचारले तेव्हा मोनिका म्हणाली, "मामा, आम्हाला काय नको, तुम्ही तेवढं मीठ सोडा." त्यावरून पुढचे कलम.

कलम चार. स्वयंपाकघरातील सर्व भांडी आवडाबाईची आहेतच. ती देण्याचा अधिकार मला नाही. स्टेंट बसल्यापासून ती माझी भाजी अळणी करते आणि स्वतःही तीच खाते. तिने भाकरी थापायला पाठ फिरवली की मी बरणीतून चिमूटभर मीठ घेत असे. एक दिवस बरणी वरच्या फळीवर गेली. पाहुण्यांसमोर मात्र मी म्हणालो होतो, "आमच्या घरी आता दवाखान्याचं जेवण असतं." पाहुणे हसले. ती वाढत राहिली.

कलम पाच. दुधाची किटली बन्सी लक्ष्मण मते यास द्यावी. तिची हकिगत अशी.

डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितले. आमच्या गावात जाणता माणूस मोकळ्या हाताने चालत नाही. हातात दोर असतो, विळा असतो, निदान पिशवी असते. काम नसताना रस्त्याने निघालेला माणूस म्हणजे ज्याचे घरात भांडण झाले आहे, किंवा ज्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. मी तीस वर्षे शहरातल्या शाळेत शिकवले. आरोग्यावरचा धडा आला की मुलांना चालण्याचे महत्त्व सांगितले. तरी पहिल्या सकाळी फाटकापर्यंत जाऊन परत आलो आणि किटली घेऊन पुन्हा निघालो.

किटली घेतली की दूध संकलन केंद्रात जावे लागते. ते बन्सीचे आहे. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "सर, तुमच्या दारात म्हैस हाय. तुम्ही दूध घालाया आले का न्यायला?"

मी म्हणालो, "बघू."

"बघा, बघा. तवर बसा. च्या घ्या."

मी बसलो. चहात साखर जास्त होती, सोबत खारी होती. दुसऱ्या दिवशी त्याने काही विचारले नाही, खुर्ची पुढे केली. असे माझे चालणे सुरू झाले आणि तिथेच संपले. तपासणीला डॉक्टरांनी विचारले, "चालता ना?" मी म्हणालो, "रोज." वजन वाढले होते. डॉक्टरांनी गोळी बदलली. माझ्या खोटेपणासाठी माझे शरीर आणखी एक गोळी घेते.

बन्सीने किटली दुधासाठी वापरावी.

कलम सहा. गावात तपासणी शिबिर झाले तेव्हा आवडाबाईचा रक्तदाब माझ्यापेक्षा जास्त निघाला. तिलाही चालायला सांगितले. घरी आल्यावर ती म्हणाली, "मंग सकाळी दोघं संगंच जाऊ की."

मी म्हणालो, "ह्या वयात नवरा-बायको फिरायला निघालेले कुणी बघितले का गावात? लोक काय म्हणतील?"

ती म्हणाली, "व्हय, ते बी खरं." पुन्हा विचारले नाही.

तेव्हापासून ती पहाटे गच्चीवर चालते. मी खाली अंथरुणात असतो. पावले डोक्यावरून जातात, पाण्याच्या टाकीपाशी वळतात, परत येतात. सळयांजवळ ती थांबते, पदर आवरते, पुढे जाते. हे मला दिसत नाही, ऐकू येते. मंगळवारी ती तिथे थांबली नाही. पडल्याचा आवाज आला.

म्हणून असे ठरवतो : माझ्या पश्चात आवडाबाईला कुणी घरात बसवून ठेवू नये. तेरावा झाला की दुसऱ्या दिवसापासून तिने रोज सकाळी शिवरस्त्याने मोकळ्या हाताने चालायला जावे. भाऊबंदांनी नावे ठेवू नयेत. ठेवल्यास त्यांना हे कलम वाचून दाखवावे.

येथे मृत्युपत्र संपणार होते. साक्षीदार म्हणून कडुबा आणि बन्सी दुपारी घरी आले. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असा नियम नाही, पण कडुबाने तो ओसरीवर मोठ्याने वाचला. आवडाबाई पाय लांब करून बाजरी पाखडत होती. नडगीला पट्टी होती. बांधाच्या कलमावर कडुबा "कोरला तुम्हीच" एवढेच म्हणाला. किटलीवर बन्सी खूप हसला. सहाव्या कलमाशी कडुबा थांबला. परत मागे जाऊन वाचले.

"दादा, म्हंजी वहिनीला रस्त्यानं जायाचं तर आधी तुम्हाला मरावं लागंल?"

बन्सीचे हसू थांबले.

आवडाबाईने सुपातून मान वर केली नाही. म्हणाली, "नगं बाई. येवढ्यासाठी कशाला मरता? मी फिरते की वर."

ती चिडून बोलली नाही. समजूत घातल्यासारखी बोलली. मी हे कलम लिहिताना स्वतःवर खूश होतो, हे इथे नोंदवतो. मराठीच्या शिक्षकाला वाक्य चांगले झाले की काम झाले असे वाटते.

कडुबा म्हणाला, "सही करू का नको?"

मी म्हणालो, "कर."

वरील मजकूर मी लिहिला, तो माझ्यादेखत वाचला गेला, तो मला मान्य आहे.

सही : रामकिसन पुंजाराम रिठे
साक्षीदार : कडुबा विठ्ठल रिठे, बन्सी लक्ष्मण मते
ठिकाण : करमाड. दिनांक : १३ फेब्रुवारी २०२५

दुसऱ्या दिवशीची नोंद. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघे निघालो. किटली मी सवयीने उचलली होती, ती फाटकाशी ठेवली. आवडाबाईची नडगी दुखत होती, त्यामुळे हळू चाललो. केंद्रावर दूध घालणारे उभे होते. एकाने विचारले, "सर, सकाळी सकाळी कुणीकडं?" माझे कान तापले. आवडाबाई म्हणाली, "कुठं नाय. फिरायला." बन्सीने खुर्ची पुढे केली नाही. आम्ही शिवरस्त्याच्या पुलापर्यंत गेलो आणि परत आलो.

कलम सहा रद्द केले आहे. खोडलेल्या जागी दोन्ही साक्षीदारांनी पुन्हा सह्या केल्या.