राहून गेलेली नळी

बाबा, माझ्या लहान आतड्याला एक थैली निघाली. अंगठ्याएवढी. महिनाभर पोट दुखत होतं आणि मी समजत होतो, एक मुलगी माझ्याशी बोलत नाही म्हणून दुखतंय. तिच्याच पायी सरांशी भांडून कॉलेज अर्ध्यात सोडलं, मग जेवणही. एका सकाळी शौचाला रक्त पडलं तेव्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टर हसले. "इश्क का इसमें कोई हाथ नहीं, पंडितजी. यह तो आप माँ के पेट से लेकर आए हैं." मला थोडा रागच आला.

गर्भात आतड्यापासून बेंबीकडे जाणारी एक नळी असते म्हणे. जन्माच्या कितीतरी आधी ती विरून जाते. माझी थोडी राहून गेली. ती कापून काढली. ती मुलगी बघायला आली नाही, तरी पोट दुखत नाही, हे जरा विचित्रच वाटतं. पडल्या पडल्या डॉक्टरांना विचारत राहिलो. दुसऱ्या तऱ्हेच्या थैल्या वयाबरोबर येतात, ते म्हणाले. मोठ्या आतड्याची भिंत जिथे कमजोर, तिथे आतल्या दाबानं ती बाहेर फुगते. त्यातूनही रक्त जातं, पुष्कळदा न दुखता.

न दुखता म्हणाले आणि तुम्ही आठवलात. पितृपक्ष आहे, मी दहा वर्षांचा. भोसले घाटाच्या शेवटच्या पायरीवर तुम्ही धोतर पिळताय आणि पाणी लाल येतंय.

"दुखतं का?"

"नाही रे. आईजवळ बोलू नकोस. आजारी ब्राह्मणाला श्राद्धाच्या पानावर बसवत नाहीत."

"मग नका बसू."

"वा. आणि यजमानाचे पितर काय तुझ्या हातची मॅगी खातील?"

त्या दुपारी तुम्ही खीर दोनदा मागून घेतलीत. पुढच्या पितृपक्षात आमच्या घरी तुमच्या नावाचं पान मांडलं होतं.

तुमची थैली कुठली होती, बाबा? जन्माची, की इतक्या पंगतींनी आलेली? की थैली नव्हतीच, दुसरंच काही होतं? कुणी आत पाहिलंच नाही.

सोमवारी टाके काढायचेत. हा कागद दवाखान्याच्या फाईलमध्ये ठेवतोय. डॉक्टरांना मराठी येत नाही, म्हणूनच बहुतेक मराठीत लिहिलं. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "घर में किसी को ऐसे ख़ून जाता था?" माझं तोंड बंद राहत नाही म्हणून सगळे ओरडतात. पण तेव्हा मी 'नहीं' म्हणालो. तुम्ही बोलू नकोस म्हणाला होतात.