बाबांचा चेहरा

नॉम पेन

आई, हात कपाळाशी जोडून नमस्कार.

महिनाभर पत्र टाळलं, कारण बाबांचं चित्र जमत नव्हतं. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा खोकला? बदकं अंडी देतात का?

घरातले फोटो तू, शिकलेल्यांना मारत होते त्या काळात, जाळलेस. म्हणून तू सांगितलेलं आठवून आणि उरलेलं आरशात बघून चेहरा काढला. ज्यांच्या चित्रांच्या दुकानात मी काम करतो ते सोफोन आजोबा म्हणाले, "गाढवा, हा तर तूच! बाप कुठाय?" मी हसलो. पण सैनिकांनी बाबांना नेलं तेव्हा ते सव्वीसचे होते, मी आता त्यांच्याहून मोठा झालो गं.

पितरांच्या पंधरवड्यात हे चित्र पॅगोडात ठेवायचंय. चेहरा चुकला तर भाताचा गोळा भलत्याच कुणाला जायचा आणि बाबा उपाशी राहायचे. झोप लागत नाही.

थांब, दुकानात कुणी म्हातारी आलीय. चित्रापुढे उभी राहून रडतेय. म्हणते, "हा आमच्या शाळेतला मास्तर! पण याचा चष्मा कुठाय?"

आई, बाबांना चष्मा होता? चष्मेवाल्यांना शिकलेले समजून आधी नेत, म्हणून तू चष्म्याबद्दल अजूनही बोलत नाहीस?

म्हातारीला बसवलंय. धुऊन ठेवलेला कुंचला पुन्हा ओला केलाय.

तुझा,
विरक