आठ जणांचं एक पाऊल

प्रति,
मा. प्रभाग अधिकारी साहेब,
समाजमंदिरांच्या खोल्या देणारा विभाग,
प्रभाग कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार: श्रीमती शालन दगडू गांगुर्डे, वय ७१, राहणार पंचशील चाळ, कळवा.

विषय: समाजमंदिराच्या वरच्या खोलीचं कुलूप काढून ती नाटकाच्या गटाला परत देण्याबाबत, तसंच तो मोर्चा नव्हता याबाबत.

संदर्भ: खोलीच्या दारावर आपल्या ऑफिसने चिकटवलेली नोटीस. (ती अर्धी आहे. उरलेली बकरीने खाल्ली, गटाने फाडलेली नाही.)

महोदय,

अर्जदार आधीच शपथेवर सांगते की खाली लिहिलेला शब्दन् शब्द खरा आहे. चाळीत चौकशी केलीत तर लोक सांगतील, शालनबाई थापा मारते. ते चाळीपुरतं झालं. सरकारी कागदावर अर्जदार थाप मारत नाही.

१) सदर खोलीत संध्याकाळी काही माणसं जमून नाटक शिकतात. नाटक म्हणजे पडदा, मेकअप, राजा-राणी तसलं नाही. प्रायोगिक म्हणतात त्याला. अर्जदाराला सुरुवातीला ते नाटक आहे हेच कळलं नव्हतं, तिला वाटलेलं गुडघेदुखीचा क्लास आहे म्हणून ती जाऊन बसलेली. हा गट अर्जदाराची नात मृणाल हिने जमवला. जमवला, पण चालवला नाही. तिथे कुणी सर नाही, मॅडम नाही, डायरेक्टर नाही. सगळे गोल बसतात आणि ज्याला जे येतं ते तो बाकीच्यांना शिकवतो. विठ्ठलवाडीचा धम्मपाल रिक्षा चालवतो, त्याने मान न वळवता मागे कोण आलंय ते ओळखायला शिकवलं. घोडबंदर रोडची कृतिका कॉम्प्युटर कंपनीत आहे, तिने चिडचिड न करता गप्प बसायला शिकवलं, तिचं अर्धं आयुष्य ट्रॅफिकमध्येच जातं. जॉर्जिनाबाई रिटायर नर्स, तिने पडणाऱ्या माणसाला कसं धरायचं ते शिकवलं. अर्जदाराने गोष्ट लांबवायची कशी ते शिकवलं, हे साहेबांच्या एव्हाना लक्षात आलं असेल.

२) गटाचा एक नियम साहेबांना सांगणं भाग आहे. आपली गोष्ट आपण करायची नाही. ती दुसऱ्याला द्यायची आणि तो करेल तशी बघायची. अर्जदाराने आपली गोष्ट दिली ती अशी, की कळव्याच्या खाडीतून एक मगर निघाली आणि अर्जदाराच्या मिस्टरांच्या मागे मागे चालत थेट चाळीच्या नळापर्यंत आली, तिथे ती पाणी प्यायली आणि गेली. ही गोष्ट मृणालच्या वाट्याला आली. पोरगी पोटावर सरपटत सगळी खोली फिरली, कुणी हसलं नाही. घरी जाताना तिने विचारलं, आजी, खरंच आलेली का गं मगर? अर्जदार म्हणाली, आलेली म्हणजे काय, तुझ्या आजोबांची चप्पल घेऊन गेली. तेव्हा मृणाल म्हणाली, खोटी असली तरी चालेल, पण एकदा दिलीस ना, आता परत मागायची नाही.

मृणालने स्वतःची गोष्ट जॉर्जिनाबाईला दिलेली. मृणाल पाच वर्षांची असताना तिची आई ठाण्याला कंपनीत जायची. दिवेलागणीला ही पोरगी चाळीच्या कोपऱ्यावर एका पायावर उभी राहायची. दोन्ही पाय टेकले तर आईला उशीर होतो अशी तिची समजूत होती. एक पाय दुखला की दुसरा. ही गोष्ट अर्जदाराला माहीतच नव्हती, आणि सांभाळायला घरात अर्जदारच होती. जॉर्जिनाबाई साठीच्या पुढची, अंगाने भरलेली, पण एका पायावर उभी राहिली की मृणालच दिसते. तोच हात कमरेवर, तशीच मान वाकडी. तेव्हा मृणाल शेजारी बसून बघत होती. आता ती जागा रिकामी असते.

३) मृणालला मागच्या श्रावणात ताप आला, तो छातीत उतरला. सव्वीस वर्षांची होती. शेवटच्या दिवशी अर्जदार तिच्या उशाशी होती. तेव्हा मृणाल स्पष्ट शब्दांत म्हणाली, आजी, खोली सोडू नका, आणि तुमच्यातलं कुणी प्रमुख होऊ नका. साहेब, मरणाऱ्या माणसाची इच्छा ऑफिसने पाळावी असा कायदा असेल तर तो इथे लावावा.

४) आता मुख्य तक्रार. पहिल्यांदा खोली मागितली तेव्हा अर्जावर प्रमुखाचं नाव पाहिजे होतं. गटात प्रमुख नसल्यामुळे चिठ्ठ्या टाकल्या. मृणालचं नाव निघालं, ती हसून म्हणाली, नावापुरती हां. ती गेल्यावर मुदत वाढवायला गटातले आठही जण आपल्या ऑफिसात हजर झाले. खिडकीवरचे क्लार्क म्हणाले, प्रमुख मयत झालेत, नवा प्रमुख कोण? आम्ही म्हणालो, कुणीच नाही. ते म्हणाले, अहो मावशी, सगळ्यात मोठं कोण आहे तुमच्यात? अर्जदार म्हणाली, वयाने मी, पण मला धम्मपाल ओरडतो. ते म्हणाले, मग धम्मपाल. धम्मपाल म्हणाला, साहेब, मला तर सगळेच ओरडतात. क्लार्क बिचारे सकाळपासून कंटाळलेले. त्यांनी शेवटी हात जोडले आणि म्हणाले, जो कोण प्रमुख असेल त्याने एक पाऊल पुढे यावं, मी नाव लिहितो.

इथे साहेबांना आमचा एक सराव माहीत पाहिजे. सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं, समोर बघायचं. कुणी मोजायचं नाही, खुणवायचं नाही, कोपराने ढोसायचं नाही, आणि सगळ्यांचं पाऊल एकदम पडलं पाहिजे. मृणाल म्हणायची, कुणी सुरू करायचं नाही, सुरू व्हायचं. इतकी वर्षं हा सराव केला, एकदाही जमला नाही. कधी कृतिका आधी, कधी धम्मपाल अर्धं पाऊल मागे, सिग्नलला अडकल्यासारखा. मृणाल चिडायची नाही. उद्या, म्हणायची.

क्लार्क साहेबांचं वाक्य संपलं आणि ऑफिसात एकदम शांत झालं. छताचा पंखासुद्धा थांबला. शिपाई म्हणतो लाईट गेलेली, पण तो तसंच म्हणणार. आणि आठ जणांचं पाऊल एकदम पडलं. एकच आवाज आला. साहेब, एका माणसाचं पाऊल पडल्यासारखा.

आमच्यातलं कुणी काही ठरवलेलं नव्हतं. जॉर्जिनाबाईने तोंडावर हात ठेवला. धम्मपाल रडायला लागला, आणि आम्ही सगळ्यांनी सवयीने वळून टोकाला बघितलं, जिथे मृणाल उभी राहायची. तिथे पाण्याचा कूलर होता.

क्लार्क साहेबांना मात्र वाटलं आम्ही अंगावर येतोय. त्यांनी खिडकीची झडप पाडली, वॉचमनला हाक मारली, वॉचमन काठी विसरून छत्री घेऊन आला. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, की जमाव करून कर्मचाऱ्यावर दबाव आणला, प्रमुख नसलेला गट अस्तित्वात नाही, सबब खोली पहिल्या तारखेपासून कोचिंग क्लासला देण्यात येईल. बाकी बकरीच्या पोटात.

५) अर्जदाराचं म्हणणं एवढंच. घरी मृणालचा फोटो आहे, हार आहे. फोटो चालत नाही. मृणाल एका पायावर उभी राहते ती फक्त त्या खोलीत, जॉर्जिनाबाईच्या अंगात. चाळीत दहा बाय दहात ते होत नाही, करून बघितलं, जॉर्जिनाबाई कपाटावर पडली. खोली गेली तर हळूहळू एकेक जण यायचा बंद होईल. मग ती पोर कुठे उभी राहणार?

तरी विनंती की प्रमुखाच्या रकान्यात मृणालचंच नाव राहू द्यावं. मयत माणूस कुणावर हुकूम करत नाही, कुणाच्या पुढे बसत नाही, तेव्हा आमच्या गटाला तोच प्रमुख परवडतो. ते नियमात बसत नसेल तर रकाना रिकामा ठेवावा. त्या क्लार्क साहेबांवर आमचा राग नाही. त्यांनी एक दिवस खोलीवर यावं, त्यांना माणसांना रांगेत उभं करायचं चांगलं जमतं, ते आम्हाला शिकवावं.

खाली आठही जणांच्या सह्या गोल केल्या आहेत, म्हणजे वर कुणी नाही आणि खाली कुणी नाही. शिक्का मारायचा तर मधल्या जागेत मारावा. ती जागा मुद्दाम सोडली आहे.

कुलपाकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
शालन दगडू गांगुर्डे
कळवा, दि. १२ जानेवारी २०२५

सोबत: मृणालच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स. नोटीस (उरलेली).

ता. क. दिलेली गोष्ट परत मागायची नाही असा आमचा नियम वर लिहिला आहे. पण शपथही वर घातली आहे, म्हणून एक परत घेते. मगर आलेली, पंखा थांबलेला, बकरीचंही खरं. पण कलम तीनमध्ये मृणाल बोलली असं लिहिलंय, ते ती बोलली नाही. तिच्या तोंडात नळी होती. अर्जदाराने तिचा हात धरलेला आणि तो हात दाबला गेला, एवढंच झालं. आधी कुणी दाबला, तिने की अर्जदाराने, ते काही कळलं नाही.