बडतर्फीचा हंगाम

विलो क्रॉसिंग, ४ एप्रिल

ती. हालिनाताईस,
ओरेस्टचा शि. सा. न.

आज सकाळी मला काढलं. संघाचे जनरल मॅनेजर प्रिंगल, आपलं खतांचं दुकान बंद ठेवून, स्वतः घरी आले, माझा हात धरून रडले. शेवटी मीच त्यांना कॉफी करून दिली. संध्याकाळी माझा सहायक ईव्हॉन प्रशिक्षकाच्या जागी, खेळाडूंच्या बाकामागे उभा राहिला आणि महिनाभर हरणारा संघ जिंकला. मी स्टेडियमबाहेर गाडीत बसून रेडिओवर ऐकलं.

तीस वर्षं बर्फावरची हॉकी शिकवली. करंडक एकदाही जिंकला नाही. आता संपलंच. रविवारी येतो. लोभात एवढ्यात कपात नको.

तुझा
ओरेस्ट


८ एप्रिल

चि. ओरेस्टला अनेक आशीर्वाद.

जरूर ये. तुला काढलं नाही असं एखादं गाव या प्रांतात उरलं असेल तर मला नकाशात दाखव. शेजारचा पेट्रो म्हणाला, तुझा भाऊ गेला आणि संघ जिंकला, देव दयाळू आहे. त्याला बटाटा भरलेल्या पिरोही न देताच घालवला. तुझ्यासाठी फ्रीझर भरून ठेवल्यात.

माया आहे, म्हणून बोलते.

ताई


२ मे

ती. ताईस शि. सा. न.

येणं लांबलंच. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला परत घेतलं आणि आम्ही हरलो. मग गोलरक्षक थिबोने मुद्दा काढला. आमची रीत तुला ठाऊक आहे: जिंकलो त्या दिवशी जे केलं ते बदलायचं नाही. करंडकाचे सामने संपेपर्यंत पोरं दाढीसुद्धा करत नाहीत. आणि जिंकलो त्या दिवशी मला काढलं होतं.

तेव्हापासून सामन्याच्या सकाळी प्रिंगल मला काढतात, दुसऱ्या सकाळी परत घेतात. एकदा लुटुपुटीचं काढून पाहिलं, हरलो. आता सगळं खरं असतं, अश्रूसुद्धा.

शनिवारी अंतिम सामना. या वेळी मीच ठरवावं, असं प्रिंगल म्हणतात. ताई, करंडक जिंकताना मला एकदा बाकामागे उभं राहायचंय. काय करू?

उत्तराची वाट पाहणारा
ओरेस्ट


५ मे

चि. ओरेस्टला आशीर्वाद.

करंडक पोरांना मिळायला हवा की तू करंडकाजवळ दिसायला हवास, एवढं ठरव. उत्तर आवडलं नाही तर पुन्हा विचारू नकोस.

गळ्याला मफलर गुंडाळ. रागावलास तरी लिहीत जा.

ताई


१२ मे

ती. ताईस शि. सा. न.

शनिवारी सकाळी प्रिंगलना म्हणालो, काढा मला. ते म्हणाले, आज मला जमणार नाही, माझा जीव जडलाय तुझ्यावर. त्यांच्या बायकोने केलेल्या ॲपल-पायला नावं ठेवली. त्यांनी माफ केलं. खुर्ची खिडकीबाहेर फेकली, हसले. मग म्हणालो, तुम्हाला हॉकीतलं काडीचं कळत नाही, तुम्ही आपली खतं विका. ते पांढरेफटक पडले. दार उघडून म्हणाले, चालता हो. तेव्हा कळलं, या वेळी जमलं.

सामना जादा वेळेत गेला. ऐन वेळी गाडीची बॅटरी संपली, रेडिओ बंद. आतून गोल झाल्याचा भोंगा वाजला. गोल कुणी केला ते कळेना. मग पोरं स्केट्स घालूनच डांबरावरून खरडत आली आणि करंडक माझ्या गाडीच्या टपावर ठेवला. त्यातून मी बिअर प्यायलो. थिबो रडत होता. प्रिंगल सगळ्यांशी हात मिळवत आले आणि मला वगळून पुढे गेले.

काल त्यांची मनधरणी करायला गेलो. त्यांचा राग गेला आहे. पण पोरांनी त्यांच्याकडे सह्यांचा अर्ज दिलाय: संघ पुन्हा हरेपर्यंत ओरेस्टना परत घेऊ नये. सगळ्यात वर थिबोची सही आहे.

त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही सही केली असती.

तुझाच, सध्या आणखी कुणाचा नसलेला
ओरेस्ट