वीसपैकी वीस

१० जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या शाळेतलं आमच्या संस्थेचं हवामान-शिबिर छान झालं, पण मी गोत्यात आलेय. शिबिराआधी आणि नंतर मुलांना एकच चाचणी द्यायची असते. गुण वाढले की आमचं काम सिद्ध. तुझ्या चाळीस मुलांनी आधीच वीसपैकी वीस मिळवून ठेवलेत! वाढ कुठून दाखवू? याच अहवालावर मला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे. पर्यावरण-शिक्षणातच नाव काढीन, असं बाबांना ठणकावून सांगून तीन वर्षं कंत्राटावर काढली. मुलांकडून पहिली चाचणी पुन्हा, जरा चुकीची लिहून घेशील? कोऱ्या प्रश्नपत्रिका सोबत आहेत.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
ठकी

१६ जुलै

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

आधी हसले, मग चिडले. माझी मुलं दर सोमवारी गाठी मारलेला दोर सोडून शाळेच्या विहिरीचं पाणी मोजतात. त्यांनी तुझ्यासाठी ढ व्हायचं? ‘प्लास्टिक टाळा’ हा तुमचा फलक प्लास्टिकचा आहे, हेही त्यांनीच मला दाखवलं.

काल तुझे साहेब मोठ्या गाडीतून एकटेच, अहवालासाठी फोटो काढायला आले. मुलांनी त्यांच्यापुढे कोरी प्रश्नपत्रिका ठेवली. फोटो चांगला येईल म्हणून तेही बसले. वीसपैकी सहा! शाळेचं पाणी कुठून येतं, तर म्हणे नळातून. मग मुलांनी त्यांना तासभर विहिरीवर राबवलं आणि पुन्हा चाचणी घेतली. सतरा. दोन्ही पेपर पाठवतेय. वाढ हवी होती ना, घे.

खोटं लिहिलंस तर इकडे तोंड दाखवू नकोस. वेळेवर जेवत जा.

तुझी,
आत्या

३ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न.

खरं तेच लिहिलं. चाळीस मुलं, वाढ शून्य. एक प्रौढ, वाढ अकरा. हा गुणी प्रौढ कोण, असं बैठकीत वरिष्ठांनी कौतुकानं विचारलं. साहेब पंख्याकडे बघत होते. मी नाव सांगितलं.

शिकण्याची तयारी असलेला अधिकारी म्हणून साहेबांना बढती मिळाली. मला घरी पाठवलं. दोन दिवस रडले, आता बरी आहे. बाबांना तूच सांग, माझी हिंमत नाही.

सोमवारी येतेय. दोर धरायला माणूस लागेल का, मुलांना विचार. माझी चाचणी मात्र लगेच घेऊ नका म्हणावं. तीन वर्षं ती मी नुसती वाटली, सोडवली कधीच नाही.

रागावून झालं असेल तर जवळ घे.

तुझी,
ठकी