ओडेन्सच्या अलीकडची फेरी

हॉपर्स क्रॉसिंग, मेलबर्न
एप्रिल १९९७, शनिवार दुपार

प्रिय मैथिली,

बाबा मानवेलकाकांकडे गेलेत. ते परतायच्या आत हे पत्र पाकिटात जायला हवं, म्हणून अक्षराकडे बघू नकोस. सकाळपासून कितीदा लिहायला बसले आणि उठले. मध्येच कपडे वाळत घातले, काही कारण नसताना फ्रिज पुसला. सध्या हाताला चैनच नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन हॉलमध्ये आणि बाबाही हॉलमध्येच. तुझा फोन आला की ते रिसीव्हर माझ्या हातात देतात आणि मागच्या अंगणात, हॉलच्या खिडकीखालीच असलेल्या लिंबाच्या झाडाला पाणी घालायला जातात. गेली दोन वर्षं तू आठवड्याला फोन करतेस. इतकं पाणी पिऊन त्या झाडाची पानं आता पिवळी पडायला लागलीत.

तर बातमी अशी, की आम्ही युरोपला येतोय. येतोय असं लिहिलं खरं, पण कुठे येतोय ते मलाच नीट कळलेलं नाही, आणि माझा जीव टांगणीला लागलाय तो त्यामुळेच. बाबांची लाँग सर्व्हिस लीव्ह कधीची साठली आहे. ऑफिसातले सगळे ती घेऊन क्वीन्सलँडला जातात, बाबा म्हणायचे मी डोंबिवलीला जाऊन फ्लॅटला रंग काढणार. मग फेब्रुवारीत तू फोनवर गोड बातमी दिलीस. मी त्याच दिवशी जेवताना त्यांना सांगितलं, ऑगस्टमध्ये बाळ येणार म्हणून. त्यांनी आमटी मागून घेतली, जेवले, ताट उचललं. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून आले ते चादरीएवढा युरोपचा नकाशा घेऊन. तो जेवणाच्या टेबलावर पसरलाय तो आजतागायत. आम्ही दोघं ताट मांडीवर घेऊन जेवतो.

पहिल्या बेतात तुझं डेन्मार्क नव्हतंच. लंडनला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, डोव्हरहून फेरीबोटीने फ्रान्स, मग स्वित्झर्लंड, इटली, आणि इटलीच्या टाचेवरून रात्रभराची फेरी पकडून ग्रीस. मी मान डोलावली आणि आत जाऊन रडले. पुढच्या रविवारी ग्रीस खोडरबराने गेलं. कारण काय, तर ऑगस्टात तिथे फार उकडतं. डोंबिवलीत वाढलेला माणूस हे बोलतोय. मग इटली गेली, कारण तिथे गाड्या फार चोरीला जातात. पेन्सिलीची रेघ दर रविवारी थोडी थोडी वर सरकत होती आणि मी कणीक मळता मळता तिच्याकडे तिरक्या नजरेने बघत होते. जर्मनी आली. जर्मनीच्या वरच्या टोकावरून डेन्मार्कची फेरी आली. तेव्हा मात्र माझ्या हातातून लाटणं पडलं. बाबा नकाशातून मान वर न काढता म्हणाले, तिथे दोन बेटांच्या मध्ये मोठा पूल बांधतायत, पुढच्या वर्षी तो गाड्यांना खुला झाला की जुनी फेरी बंद होईल, इंजिनियरने दोन्ही एकदम बघायचं तर हेच वर्ष आहे. मी म्हटलं, बरं. ती फेरी ज्या बेटावर उतरते त्याच बेटावर तुझं ओडेन्स आहे, हे मीही बोलले नाही आणि तेही.

का नाही विचारत, असं तू म्हणशील. तुझ्या बाबांना मी ओळखते. विचारलं की ते नाही म्हणणार, आणि एकदा नाही म्हटलं की त्या नाहीला ते जन्मभर चिकटून बसणार. त्यांच्या मनात काय बसलंय तेही मला ठाऊक आहे. तू ऑलिव्हरशी लग्न केलंस हे नव्हे. ते त्यांना गणपतीच्या हॉलमध्ये, हातात पुरीभाजीचं ताट असताना, मंडळातल्या पद्माकडून कळलं, हे बसलंय. पद्माच्या भाचीने तुला कोपनहेगनमध्ये पाहिलं होतं. बाबा तेव्हा हसले, हो, आम्हाला माहीत आहे ना, म्हणाले आणि ताटातलं सगळं संपवलं. तू भीत होतीस म्हणून सांगितलं नाहीस, हे मला पटतं. त्यांना राग यावा, हेही मला पटतं. दोघंही एकाच मातीची, मध्ये मी.

आता गाडीची गंमत ऐक. आधी छोटी गाडी ठरली होती. मार्च उजाडला आणि बाबांना कॅम्परव्हॅन हवीशी वाटू लागली. मागे झोपायची सोय, पुढे शेगडी, असली. मानवेलकाकांकडे तशी जुनी व्हॅन आहे, ते आणि डोरीन दर ईस्टरला तीत बसून समुद्रावर जातात. बाबा शनिवारी तीच व्हॅन मागून आणतात आणि मला शिकवतात. बाबा एकटे इतकं चालवणार नाहीत, त्यांची पाठ दुखते. टार्निटकडे नुसती कुरणं आहेत, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तिथे जाऊन मी मुद्दाम तुमच्याकडच्यासारखी उजव्या बाजूने गाडी चालवायचा सराव करते. कुंपणापलीकडच्या मेंढ्या बघत उभ्या राहतात. मानवेलकाका मागच्या बाकावर बसून म्हणतात, “नो वरीज वहिनी, ॲक्सिलरेटर सोडा, मेंढ्यांना घाई नाय.” पहिल्या दिवशी मी नुसती सरळ चालवली. आता वळणही घेते.

पण मैथिली, बाबांचे प्रश्न मला झोपू देत नाहीत. भाड्याच्या कंपनीला फोन करून त्यांनी विचारलं, गरम पाणी येतं का, आणि एका वेळी किती येतं. बारा महिने थंड पाण्याने अंघोळ करणारा माणूस. मला वाटलं, वय झालं. मग त्यांनी व्हॅनच्या शेगडीवर बसेल असा छोटा कुकर आणला आणि मानवेलकाकांच्या अंगणात लावून बघितला. भात फडफडीत झाला तर म्हणाले, नको, मऊ व्हायला हवा. डोरीनला विचारलं, डिंक, अळीव कस्टम्सवाले अडवतात का. मला नाही विचारलं, डोरीनला विचारलं. बाकीच्या देशांना दोन-दोन, चार-चार दिवस, आणि तुमच्या त्या एवढ्याशा देशाला ऑगस्टभर आणि वर थोडे. म्हणे पूल नीट बघायचाय. त्यांचा पासपोर्ट अजून भारतीय, म्हणून जागोजागी व्हिसाचे अर्ज. त्यांत सगळ्यात आधी गेला तो डेन्मार्कचा.

आणि एवढं असून ती रेघ अजून तुटलेली आहे. जर्मनीहून फेरीने येते, अलीकडच्या बेटाच्या काठाशी, त्या जुन्या फेरीच्या धक्क्यापर्यंत पोचते आणि थांबते. मग एकदम पार पश्चिमेच्या बंदरातून इंग्लंडची बोट पकडते. मध्ये, जिथे तू आहेस, तिथे कोरा कागद. बाकी सगळ्या फेऱ्यांची तिकिटं झाली. तेवढी एक राहिलीय. मी रोज टेबल पुसायच्या निमित्ताने जाऊन बघते. धक्क्यापर्यंत येऊन, पूल बघून हा माणूस मागे फिरेल, अशी मला भीती वाटते. फेरीतून पलीकडे उतरलं की तू गाडीने अर्ध्या तासावर. पोटुशी लेक अर्ध्या तासावर आणि मी अलीकडच्या काठावर पुलाचे फोटो काढत उभी, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. तसं झालं तर मी एकटी फेरीत चढेन, हे मी मनाशी पक्कं केलंय. पण मला त्यांच्याबरोबर यायचंय गं.

परवा संध्याकाळी ते भांडी विसळत होते, पाठ माझ्याकडे. म्हणाले, मैथिलीच्या वेळी तू तुझ्या आईकडे किती दिवस होतीस? दोन वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, बाळंतपणानंतर सव्वा महिना, रीतीप्रमाणे. त्यांनी ओल्या बोटांवर काहीतरी मोजलं आणि हात पुसून नकाशाकडे गेले. तेव्हा मला सगळं उमगलं आणि मी तिथेच स्टुलावर बसले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. तू इतक्या लांब येऊ शकत नाहीस. आणि जावयाच्या घरी महिनाभर मुक्काम टाकणं हे त्यांच्यात बसत नाही, तेही न बोलावता. म्हणून हा माणूस चाकांवरचं माहेर घेऊन निघालाय. गरम पाणी तुझ्या अंघोळीचं. मऊ भात तुझा. व्हॅन तुझ्या दाराशी उभी राहील, दिवसा तू बाळाला घेऊन तीत येशील, शेकशील, जेवशील, पाय पसरून झोपशील, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात आहे. डोरीनलाही मी हे सांगितलेलं नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतेय.

आणि पत्र लिहिलं ते याच्यासाठी. उद्याचा सोडून त्याच्या पुढच्या रविवारी नेहमीच्या वेळेला फोन कर. मी मुद्दाम बाहेर असेन, म्हणजे रिसीव्हर द्यायला त्यांना कुणी सापडणार नाही. माफी मागू नकोस, रडू नकोस, त्यांच्या मनातलं मी ओळखलंय ते तर अजिबात कळू देऊ नकोस. त्या राहिलेल्या एका फेरीचं तिकीट गाडीच्या लांबीवर मिळतं, आणि बाबांनी मानवेलकाकांच्या अंगणात टेप लावून भाड्याच्या व्हॅनची ती लांबी जमिनीवर कितीतरी वेळा आखून बघितली आहे. ती विचारणारं त्यांना कुणी भेटलेलं नाही. तू एवढंच विचार, बाबा, दारासमोर जागा धरून ठेवायची आहे, तुमची गाडी किती लांब आहे?

तुझीच,
आई